मध्य प्रदेशचं चालान, वरुडचं सेवा केंद्र

संत्रा घेऊन आमची पिकअप भोपाळला गेली होती. मग बैतूलकडचं ओव्हरस्पीडचं चालान मोबाइलवर आलं. घरात एकच कल्ला, आता तारखेवर मध्य प्रदेशात जा लागते का बाप्पा!

बसस्टँडमागच्या सेवा केंद्रातल्या पोरानं मेसेजमधल्या लिंकला हातही लावला नाही. "काका, चालानच्या नावानं एपीके फाइल, म्हणजे मोबाइलात ॲप घुसवणारी फाइल, पाठवून बँकेचं खातं साफ करतात." त्यानं परिवहनची ई-चालान साइट स्वतः टाइप केली. गाडी नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले, अन् चालान फोटोसकट समोर. नंबरप्लेट आपलीच, मंग भांडता कोणाशी? मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली हलक्या गाडीला 1000 ते 2000 रुपये दंड. आम्हाला 1000 बसला, यूपीआयनं भरून पावती हातात. तेलंगणात सापडलो असतो तर त्यांच्या पोलिसांची साइट वेगळी, हेही त्यानंच सांगितलं.

पोरगा हुशार, पण केंद्रात इन्व्हर्टर नाही. लाइन गेली की बसा हवा खात. प्रिंटचे 20 रुपयेही जास्तच. पीकविम्याच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा सकाळी दुकान उघडल्याबरोबर जा अन् आरसी सोबत न्या.