आठ महिने सिगविनचा एक्सविन: मेनूतली 'रीलोड'ची ओळ उडवू नका

एक्सविनच्या मेनूत एक नोंद वाढवायची म्हणून एक्स सर्व्हर (लिनक्स प्रोग्रामच्या खिडक्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) बंद करून पुन्हा सुरू केला आणि त्याला जोडलेल्या सगळ्या खिडक्या एकदम गेल्या, सेव्ह न केलेल्या ड्रॉइंगसह. शिरोलीच्या फौंड्रीत हे दोनदा झालं, म्हणून हे लिहितोय.

लिनक्स सर्व्हरवरचे प्रोग्राम विंडोजच्या जुन्या पीसींवर दाखवायला आठ महिने एक्सविन, म्हणजे सिगविनमधला (विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणारा संच) एक्स सर्व्हर, वापरात आहे. लायसनचा एक रुपया खर्च नाही. इन्स्टॉल कसं करायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा थेट ट्रे आयकॉनच्या (घड्याळाजवळचं छोटं चित्र) मेनूकडे.

होम फोल्डरमध्ये '.एक्सविनआरसी' ही साधी टेक्स्ट फाइल लागते, सुरुवातीच्या टिंबासकट. ती सापडली की सिस्टीमची सामायिक फाइल वाचलीच जात नाही. म्हणून आधी त्या फाइलची कॉपी घ्या आणि त्यात बदल करा. 'मेनू', मग नाव, मग महिरपी कंस. आत अवतरणात नोंदीचं नाव, पुढे 'एक्झेक' आणि कमांड. सबमेनू मुख्य मेनूच्या आधी लिहायचा. कमांडचा पाथ (फाइलचा पत्ता) सिगविनच्या पद्धतीचा आणि आयकॉनचा विंडोजच्या पद्धतीचा. इथे हमखास गल्लत होते.

त्या सामायिक फाइलमधल्या मुख्य मेनूत 'रीलोड'ची ओळ असते. ती चालवली की फाइल पुन्हा वाचली जाते, मेनू नव्याने तयार होतो आणि एकही खिडकी बंद होत नाही. नको असलेल्या नोंदी साफ करताना आमच्याकडे नेमकी तीच ओळ उडाली आणि मग सर्व्हर बंद करण्याची सवय लागली. आता ती सगळ्यात वर ठेवली आहे.

सुरुवातीचं मत होतं की हाताने लिहिण्यापेक्षा आपोआप बनणारा 'एक्सविन-एक्सडीजी-मेनू' बरा. दोन महिन्यांत ते बदललं. इन्स्टॉल असलेलं सगळंच त्यात येऊन बसतं आणि ऑपरेटरला हव्या असतात पाच नोंदी. शिवाय तो सिगविनमधले प्रोग्राम दाखवतो, दूरच्या सर्व्हरवरचे नाही. ते हातानेच लिहावे लागतात.

एक कंस किंवा अवतरणचिन्ह सुटलं की वाचन तिथेच थांबतं. मुख्य मेनू कोणता ते सांगणारी 'रूटमेनू'ची ओळ सहसा खाली असते, तिथवर ते पोचतच नाही आणि आपला मेनू दिसत नाही. एक्सविनच्या लॉगमध्ये (घडामोडींची फाइल) चुकलेल्या ओळीचा नंबर सापडतो. तरी बदलाआधी चालू फाइलची एक प्रत बाजूला ठेवाच.

दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवणाऱ्या 'एसएसएच'ची नोंद दाबूनही काहीच उघडत नसेल तर कारण बहुधा पासवर्ड. मेनूतून चाललेल्या कमांडला टर्मिनल नसतं, मग तो विचारणार कुठे? आधी की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) बसवा. डिस्प्ले (खिडकी कुठे दाखवायची तो पत्ता) वेगळा द्यायची गरज नाही, एक्सविन स्वतः देतो.

आणि 'फोर्सएक्झिट' लिहू नका. बंद करताना येणारा प्रश्न त्याने जातो, आणि चुकून 'एक्झिट' दाबलं गेलं तर तेवढीच एक आडकाठी असते.