बिजागरीचा नी-ब्रेस: हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंतच्या वापरानंतर

निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या जाड कापडाचा, दोन्ही बाजूंना धातूची बिजागरी असलेला हा ब्रेस गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटसाठी (हाडांना जोडणाऱ्या चिवट बंधासाठी), म्हणजे एमसीएलसाठी, खरोखर कामाचा आहे. गुडघा आत झुकू लागला की बाजूच्या पट्ट्या त्याला अडवतात. अर्धवट फाटलेलं एमसीएल बहुतेकदा ऑपरेशनशिवाय, अशा आधाराने आणि व्यायामाने भरून येतं. एसीएलसाठी, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटसाठी, मात्र यावर विसंबू नका. पाय रोवून अंग वळवताना गुडघा निसटतो, ते हा ब्रेस पुरतं थांबवत नाही. ब्रेस चढवून कबड्डीला उतरणं म्हणजे गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाडून घ्यायची तयारी.

नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) सर्जिकल दुकानात नुसतं 'मीडियम द्या' म्हणू नका. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे टेपने मांडीचा घेर मोजा. बहुधा गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून १५ सेंमी वर मोजायला सांगतात. सूज असताना घेतलेलं माप पुढे सैल पडतं.

घालताना खुर्चीच्या कडेवर बसून गुडघा थोडा वाकवा. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या रेषेत आणा. आधी गुडघ्याखालचा पट्टा आवळा, मग मांडीचा. खालचा पट्टा पोटरीच्या फुगवट्याच्या वर बसायला हवा, नाहीतर चालताना ब्रेस घसरतो आणि गुडघा एकीकडे, बिजागरी दुसरीकडे वाकते. बाहेरच्या बाजूला गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा लागतो, त्याला वळसा घालून नस जाते. पट्टा तिथे रुतला की पावलाच्या वरच्या भागात मुंग्या येतात. लगेच सैल करा. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्ताची गुठळी असू शकते.

हिवाळ्यात तक्रार नाही. पण नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की निओप्रीनच्या आत घामाच्या धारा लागतात, गुडघ्यामागच्या खोबणीत घामोळ्या आणि लाल चट्टे येतात. आत पातळ सुती स्टॉकिनेट (नळीसारखं ताणलं जाणारं कापड) घाला, दोन ठेवा, रोज बदला. ब्रेस धुताना बिजागऱ्या काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा. गच्चीवरच्या उन्हात निओप्रीन कडक होऊन चिरतं. वेल्क्रोत धागे अडकले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने साफ केलं की पुन्हा चिकटतं. बिजागरीचे स्क्रू अधूनमधून तपासा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ब्रेसच्या भरवशावर व्यायाम सोडणं. मांडीचा पुढचा स्नायू फार लवकर वाळतो. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद दाबून धरा, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. ब्रेस कधी सोडायचा तेही त्यांनाच ठरवू द्या.