माळवदी दगडी घर घ्यावे की जांभ्या चिऱ्याचे?

गावाकडचे जुने दगडी घर घेऊन ते राहते करायचे असेल, तर महाराष्ट्रात दोन पर्याय ठळकपणे समोर येतात: मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातले काळ्या दगडाचे माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर आणि कोकणातले जांभ्या चिऱ्याचे कौलारू घर. घेणारा बहुधा दर्शनी दगडावर भाळतो. माझ्या मते मात्र निर्णय छपराकडे पाहून घ्यावा.

माळवदी घराची भिंत बाहेरून अखंड दिसली, तरी ती सहसा दोन पदरांची असते: बाहेर घडलेला दगड, आत ओबडधोबड दगड आणि मध्ये गोट्या-मातीचे भरण. वर लाकडी तुळया, किलचन (तुळयांवर आडव्या घातलेल्या लाकडी फळ्या) आणि त्यावर मातीचा जाड थर. या जाडीमुळे वैशाखातही आत गारवा राहतो. पण गळती थांबवायला पिढ्यानपिढ्या माळवदावर माती चढत जाते आणि घर डोईजड होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हेच वजन जीवघेणे ठरले. भिंतींचे पदर एकमेकांपासून सुटले आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर आली. म्हणून भिंतीला पोट आले आहे का, हे ओळंबा लावून पाहावे आणि दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड आहेत का, याची जाणत्या गवंड्याकडून खात्री करून घ्यावी. तुळया नुसत्या भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर असतील, तर ते घर अधिक भरवशाचे. माती उतरवून हलके छप्पर घालण्याचा खर्च मात्र किमतीत धरूनच व्यवहार करावा.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, त्यामुळे चिरे तासणे सोपे जाते. तो सच्छिद्र असल्याने पाणीही पितो. भिंतीला पावसापासून वाचवते ती छपराची खाली उतरलेली पाखी आणि भोवतालची पडवी. उजेड हवा म्हणून पडवी पाडणारे नवे मालक भिंतीला ओल लावून घेतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला, की आतली ओल आतच कोंडते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. (माळवदी घरालाही हे लागू आहे, पण कोकणातल्या पावसात चूक लवकर अंगावर येते.) कौलारू छप्पर मातीच्या माळवदापेक्षा पुष्कळ हलके असते, तरी दरवर्षी मृगाआधी कौले परतावी लागतात, वासे वाळवीसाठी तपासावे लागतात आणि वानरांनी सरकवलेली कौले भर पावसात बसवायला माणूस हाताशी लागतो.

वर्षभर राहणार असाल किंवा घर सांभाळणारे कोणी असेल, तर मी चिऱ्याचे घर निवडीन. कोरड्या मुलखातच राहायचे असेल, तर खांबांवरचे माळवदी घर जरूर घ्यावे; भिंतीला पोट आलेले मात्र फुकट मिळाले तरी नको. कोकणातले घर आषाढात एकदा पाहिल्याशिवाय विसार देऊ नये, कारण मे महिन्यात कोरडी दिसणारी भिंत किती उंचीपर्यंत ओल धरते, हे तेव्हाच कळते.