टाकीला आतून अस्तर: एका डब्यातले की दोन डब्यांचे?

मोटारसायकलच्या टाकीत टॉर्च मारल्यावर तळाशी तांबूस भुकटी दिसू लागली आहे, बोगद्याच्या (टाकीच्या तळातील, गाडीच्या चौकटीवर बसणाऱ्या खोलगट भागाच्या) कडेच्या जोडावर पेट्रोलचा ओलसर डाग उमटतो आहे, आणि टाकी बदलण्याऐवजी तिला आतून अस्तर द्यायचे असे ज्यांचे जवळजवळ ठरले आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. डबा उघडून थेट ओतायचे, द्रावक उडून गेल्यावर वाळणारे अस्तर घ्यावे, की दोन डब्यांतून येणारे, राळ आणि हार्डनर (तिला घट्ट करणारे द्रव्य) मिसळून वापरायचे इपॉक्सी घ्यावे, एवढाच येथे प्रश्न आहे. मी दोन्ही वापरली आहेत, तीही एकाच टाकीत, एकामागून एक. त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ असल्याचा दावा मला करता येणार नाही.

गंज केवळ वरवरचा असेल आणि टाकी कोठेही पाझरत नसेल, तर माझ्या मते अस्तराच्या वाटेला जाऊच नये. फॉस्फरिक आम्लाने धुतल्यावर पत्र्यावर फॉस्फेटचा जो करडा थर राहतो, तो टाकी भरलेली ठेवणाऱ्याला बहुधा पुरतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. गंज पत्र्यातील बारीक भोके स्वतःच बुजवून बसलेला असतो, आणि तो काढल्यावर काल कोरडी असलेली टाकी आज गळू लागते. पाणी भरून ही तपासणी करणे फसवे ठरते, कारण पेट्रोलचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश असतो आणि पाण्याला अडवणाऱ्या फटीतून पेट्रोल सहज झिरपते. मी रॉकेल भरून, टाकी वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवून पाहिले, तेव्हा एक समजत होतो तिथे तीन डाग निघाले. त्यानंतर अस्तर हवे की नको, हा प्रश्न उरला नाही.

पूर्वतयारी दोन्ही प्रकारांत सारखीच असल्याने तिच्यावर फार लिहीत नाही. कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) काढून त्या जागी रबर आणि पत्र्याची चकती बोल्टने आवळावी. जुना कॉक तसाच ठेवून अस्तर ओतल्यास त्याची उभी नळी आणि रिझर्व्हचे छिद्र कायमचे बुजते. टाकीतून आरपार जाणारी निचऱ्याची नळी असेल, तर तिची दोन्ही तोंडे बंद करण्यास विसरू नये. आम्ल धुऊन काढल्यावर उघड्या पत्र्यावर काही मिनिटांतच नवा पिवळसर गंज चढतो, आणि जोडाच्या दुमडीत अडकलेले पाणी तर दिसतही नाही. ते काढण्यासाठी टाकीत ॲसिटोन फिरवून ओतून द्यावे आणि तासभर थंड हवेचा झोत सोडावा. गरम हवेचे यंत्र त्या वेळी जवळपासही असू नये.

आता मूळ मुद्दा. एका डब्यातले अस्तर वापरायला सोपे आहे, यात वाद नाही. ते मोजावे लागत नाही, मिसळावे लागत नाही, घड्याळाकडे पाहत घाई करावी लागत नाही. ओतले, टाकी सर्व बाजूंनी फिरवली, उरलेले काढून घेतले, दिवसभर थांबून दुसरा हात दिला, की काम झाले. ते पातळ असल्याने जोडाच्या दुमडीत छान शिरते. शिवाय काही बिघडले तर द्रावकाने विरघळवून काढता येते, हा गुण पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मोठा धीर देतो. मीही याच कारणासाठी ते निवडले होते. ते ओतताना टाकीच्या तोंडाभोवतीच्या रंगावर एक थेंब जरी पडला तरी रंग उचकटतो, पण तेवढी काळजी कोणीही घेऊ शकतो.

अडचण पुढे आली, आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला. हे अस्तर वाळायचे म्हणजे त्यातील द्रावक हवेत उडून जायचा, आणि टाकी ही मुळातच अशी वस्तू आहे की जिच्यात हवा खेळत नाही. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी साचते आणि तोंड मात्र वर असते. मी डब्याच्या झाकणात थोडे अस्तर बाजूला ठेवले होते. दोन दिवसांनी ते बोटाला कोरडे लागले, म्हणून आणखी दोन दिवस थांबून मी पेट्रोल भरले. झाकणातला थर उघड्यावर वाळला होता. टाकीच्या दोन्ही खोलगट पोटांत साचलेला जाड थर वरून कातडी धरून आत मऊच राहिला असावा, हे मला फार नंतर कळले.

सुमारे वर्षभराने गाडी वेगात असताना बंद पडू लागली. दोन-तीन किलोमीटर व्यवस्थित चालायची, मग पेट्रोल संपल्यासारखी आचके देत थांबायची, आणि पाच मिनिटे उभी केली की पहिल्याच किकला चालू व्हायची. मी प्लग बदलला, कॉइल तपासली, कार्ब्युरेटर दोनदा उघडला, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र सुईने साफ केले. प्रत्येक वेळी दुरुस्ती झाल्यासारखे वाटायचे, कारण गाडी उभी करून पाहायला गेले की दोष निघून गेलेला असायचा. अखेर टाकी रिकामी करून कॉक काढला, तर त्याच्या जाळीला अंगठ्याच्या नखाएवढा फिकट पापुद्रा चिकटलेला होता. पेट्रोल वाहू लागले की तो ओढला जाऊन जाळीवर बसायचा आणि प्रवाह थांबला की सुटून तरंगत जायचा. टॉर्च आत धरल्यावर दुधावरच्या सायीसारखा सुटलेला बाकीचा थर दिसला. तो विरघळवण्यात, लांब चिमट्याने ओढून काढण्यात आणि पुन्हा धुण्यात तीन दिवस गेले. सहज काढता येणे हा गुण मला अशा रीतीने उपयोगी पडला, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

हा दोष मालाचा नसून माझ्या उतावीळपणाचा होता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. थर पातळ दिले असते, साचलेले अस्तर नीट निथळू दिले असते, आत हवेचा झोत सोडून आठवडाभर थांबलो असतो, तर कदाचित ते अजूनही टिकून असते. माझा आक्षेप एवढाच आहे की ते वाळले की नाही, हे ठरवण्याचे कोणतेही विश्वासार्ह साधन बाहेरून उपलब्ध नाही.

इपॉक्सीला बाहेरच्या हवेची गरज नसते. राळ आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया बंद भांड्यातही पूर्ण होते, आणि द्रावक नसलेल्या प्रकारात थर फारसा आकसतही नाही. त्यामुळे बारीक भोकावर तो थर खरोखर बसतो. मी बाहेरून भोकांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. टाकी त्या बाजूला कलती केल्यावर पट्टीच्या मागे राळेचा टिपूस येऊन थबकलेला दिसला, आणि इतक्या कटकटीत तेवढा क्षण समाधानाचा होता. मात्र इपॉक्सी म्हणून मिळणारे सगळेच पेट्रोलपुढे, त्यातही इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे, टिकते असे नाही. नोव्होलॅक प्रकारची (रसायनांपुढे अधिक टिकणारी) राळ असल्याची आणि इथेनॉल चालत असल्याची खात्री डब्यावरून करून घ्यावी. फायबरग्लाससाठी वापरली जाणारी साधी पॉलिएस्टर राळ तर हाती लागली तरी टाकीत ओतू नये, कारण इथेनॉलने ती मऊ पडते.

त्याचे तोटे लपवण्याजोगे नाहीत. मिसळल्यापासून माझ्या हाती जेमतेम वीस मिनिटे होती, आणि हवा गरम असेल तर तीही मिळत नाहीत. तापमान दहा अंशांनी वाढले की हा अवधी साधारण निम्मा होतो. मिश्रण मगात ठेवून विचार करत बसल्यास ते स्वतःच्याच उष्णतेने तापून घट्ट होते, म्हणून मिसळताच ओतावे. टाकी फिरवण्याचा क्रम आधी कोरड्या टाकीवर दोनदा करून पाहावा. बोगद्याच्या दोन्ही बाजू आणि तोंडाखालची वरची बाजू हमखास राहून जाते. राळ घट्ट असल्याने खूप फिरवावे लागते आणि हात भरून येतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे हे काम मागे घेता येत नाही. कडक झालेले इपॉक्सी साध्या द्रावकाला जुमानत नाही, आणि पुढे कधी टाकीला डाख द्यायची (सोल्डर करायची) किंवा वेल्डिंग करायची वेळ आली, तर आतला थर त्या उष्णतेत जळतो. दुर्मीळ टाकी असेल आणि ती पुढे जाणकाराकडून पत्रा बदलून घ्यायची असेल, तर मी इपॉक्सी सुचवणार नाही.

हवेतील ओलाव्यावर घट्ट होणारे युरेथेनचे अस्तर हा तिसरा पर्याय आहे. तेही एकाच डब्यात येते आणि टणक होते, पण पत्रा पूर्ण कोरडा नसेल तर त्यात बुडबुडे धरतात. जोडाच्या दुमडीतील पाण्याचा अनुभव घेतल्यानंतर मी त्याच्या वाट्याला गेलो नाही, म्हणून त्याविषयी अधिक बोलणे योग्य होणार नाही.

रोज चालणारी गाडी, दोन-तीन सूक्ष्म भोके आणि एक मोकळी सकाळ एवढे असेल, तर बहुतेकांनी दोन डब्यांचाच प्रकार घ्यावा, असे मला वाटते. दुसऱ्या खेपेला मी झाकणातल्या साक्षीवर विसंबलो नाही. मगात उरलेला जाड थर टाकीतल्या पातळ थरापेक्षा लवकर कडक होतो, म्हणून तोही खोटेच सांगतो. त्याऐवजी आम्लाने धुतलेल्या पत्र्याच्या एका तुकड्यावर तेच मिश्रण पातळ लावून तो टाकीशेजारीच ठेवला, पाच दिवसांनी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत पेट्रोल घालून त्यात बुडवला, आणि आणखी आठवडाभराने नखाचा ओरखडा उठत नाही हे पाहून मगच टाकी भरली. तो तुकडा अजून बरणीत आहे. कॉकची जाळी साफ करताना मी तोही बाहेर काढून नखाने दाबून पाहतो. कडेला किंचित पिवळटपणा आला आहे, पण थर कोठेही उचललेला नाही.