बुडालेलं आऊटबोर्ड मशीन: उघडायचं की काढून टाकायचं?

31 जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली आणि आठवडाही झाला नव्हता. गोव्यातल्या शापोरा नदीच्या तोंडावर रेतीच्या बांधाजवळ लाट फुटली आणि आमची होडी आडवी झाली. माणसं पोहून बाहेर आली, मागे लावलेलं मशीन, म्हणजे होडीचं आऊटबोर्ड इंजीन, मात्र चालू असतानाच पाण्यात गेलं. तेव्हापासून जेटीवर कुणाचं मशीन बिघडलं की मला विचारतात, दुरुस्त करू की दुसरं घेऊ? मी उलट विचारतो: बिघडलं कसं?

पंखा रेतीला किंवा खडकाला लागला असेल तर फार घाबरू नका. मशीन जोरात ओरडतं पण होडी पुढे सरकत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा पंख्याच्या आतलं रबरी बूश सुटलेलं असतं. लहान मशीनमध्ये कधी नुसती पिन तुटलेली असते. शाफ्ट वाकलाय का हे घरीच कळतं: प्लगच्या वायरी काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, पंख्याच्या टोकाजवळ पेन्सिल धरा आणि पंखा हाताने फिरवा. अंतर कमी-जास्त झालं तर शाफ्ट वाकडा. मग खालचं गिअर ऑइल थोडं काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय, पाणी आत शिरलंय. सील वेळेवर बदललं तर खर्च आवाक्यातला. तसंच चालवत राहिलात तर बेअरिंग आणि गिअर दोन्ही खाऊन टाकतं.

पाणी सोडायची बारीक धार बंद झाली म्हणून मशीन तापलं असेल, तर आधी थंड करायचं पाणी ओढणारा इम्पेलर बघा. रबराचा तुकडा, त्यासाठी मशीन विकायचं नसतं. पण तापूनही कुणी तासभर तसंच हाकलं असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय पुढचं बोलू नका.

बुडालेल्या मशीनची गोष्ट वेगळी. बंद असताना बुडालं तर आशा भरपूर. चालू असताना बुडालं तर सिलिंडरमध्ये पाणी अडकतं, पाणी दाबलं जात नाही, आणि वर येणारा पिस्टन कनेक्टिंग रॉड वाकवून बसतो. दोन्ही वेळी खरा शत्रू मात्र नंतरची हवा. खाऱ्या पाण्यातून वर काढल्यावर गंज तासांत धरतो. प्लग काढायचे, गोड्या पाण्याने धुवायचं, दोरी हळू ओढून पाणी बाहेर काढायचं, आत तेल सोडायचं आणि त्याच दिवशी सुरू करायचं. दोरी अडली तर जोर लावायचा नाही. मेस्त्री लगेच मिळत नसेल तर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण हवेपेक्षा ते बरं.

आम्ही नेमकं उलट केलं. सुकेल म्हणून दीड दिवस उन्हात टाकून ठेवलं. उघडलं तेव्हा अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि क्रँकचं बेअरिंग करकरत होतं. कॉम्प्रेशन वरच्या सिलिंडरला 110 psi, खालच्याला 60. दोघांत 10-15 टक्क्यांहून जास्त फरक असला तर खोलवर काम आहे, असं समजा.

म्हणून आधी फक्त उघडायची मजुरी ठरवा आणि पुढचा आकडा कागदावर घ्या. तो आकडा तेवढ्याच ताकदीच्या चांगल्या वापरलेल्या मशीनच्या निम्म्यावर गेला, की मी हात आखडता घेतो. कारण खारं लागलेल्या मशीनचे बोल्ट काढताना तुटतात, आणि आकडा कागदावर राहत नाही.

वापरलेलं घ्यायचं तर विक्रेता हमखास म्हणेल, "नदीतलंच आहे, समुद्र बघितलेला नाही." हसून सोडून द्या. मांडवी नदीत समुद्राची भरती पार आत गांज्याच्या बाजूपर्यंत चढते. उन्हाळ्यात मांडवीकाठच्या बेतीचं पाणी तोंडात घेऊन बघा. मशीनऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा तुकडा किती खाल्लाय ते बघा, मशीन थंड असताना सुरू करायला सांगा, नंबरप्लेट खरवडलेली असेल तर तिथूनच परत फिरा. आणि शाफ्ट मोजा: 15 इंचीवाल्या होडीला 20 इंची लावलं तर ते रेती ओढत चालतं.

नव्यात प्रश्न टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक एवढाच. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, 10 लिटरला 200 मिली तेल मिसळायची कटकट नाही. पण वजनाला जड. रोज मशीन खांद्यावर घेऊन रेती चढणाऱ्याने आधी ते उचलून बघावं. अनुदान मिळतंय का, याची चौकशी पणजीच्या मत्स्योद्योग खात्यात पैसे मोजण्याआधीच करा. दुरुस्तीचं ठरलं तर मशीन जूनमध्येच मेस्त्रीकडे टाका. ऑगस्टात तिथे रांग असते आणि तुमची जाळी घरी.

आमचं वरचं इंजीन भंगारात गेलं. खालचा गिअरबॉक्स मात्र स्वच्छ तेलासकट ठणठणीत निघाला, तो शिवोलीच्या एकाने नेऊन आपल्या मशीनला लावला. कार्ब्युरेटर अजून माझ्या पडवीत आहे, डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवलेला.