भिंतीवरचं प्रोजेक्शन की एलईडीची शिल्पं?

फ्रान्समधल्या ल्यॉं शहराचा प्रकाशोत्सव ८ डिसेंबरच्या आसपास जेमतेम चार रात्री असतो. ॲमस्टरडॅमचा कालव्यांवर कित्येक आठवडे चालतो. म्हणून कलाकृती निवडण्याआधी रात्री मोजाव्यात.

चार रात्रींसाठी प्रोजेक्शन मॅपिंग, म्हणजे इमारतीच्या खिडक्या-कडांशी जुळवून भिंतीवर टाकलेलं चित्र. २०,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाश) प्रोजेक्टर २० बाय १२.५ मीटर भिंतीवर लावला, तर कागदोपत्री ८० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ८० ल्युमेन मिळतात. फिकट चुनखडीवर एवढं पुरतं. काळा बसाल्ट मात्र निम्म्याहून जास्त उजेड गिळतो. तिथे दोन प्रोजेक्टर एकावर एक जुळवले तरी रंग मळकटच. समोरचे पथदिवे बंद करायची परवानगी हातात नसेल, तर ती भिंत यादीतून सरळ काढा. आणि प्रोजेक्टरचं मचाण! गर्दीच्या धक्क्यानं ते ०.१ अंश कललं, की ५० मीटरवरचं चित्र जवळपास ९ सेंटीमीटर सरकतं. खिडक्यांच्या कडा लगेच चुगली करतात. पाया कुंपणाआड घ्या, संध्याकाळी जुळणी पुन्हा तपासा.

आठवडे काढायचे असतील तर एलईडीच. वीज कमी, रोज ऑपरेटर नको, गर्दीही एका जागी तुंबत नाही. दुखणं असतं जोडांमध्ये. २४ व्होल्टची आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पट्टी एकाच टोकाकडून लांबवर ओढली, की व्होल्टेज पडून शेवटचा पांढरा तांबूस होतो. साधारण दर ५ मीटरवर नव्यानं वीज द्या. आयपी६७ (धूळ-पाणी रोखणाऱ्या दर्जाच्या) कनेक्टरवर विसंबू नका: वायरीला कनेक्टरच्या अलीकडे खाली झोल ठेवला, की पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं.