किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर: सार्वजनिक वाळू की खासगी वाडी?

कोल्हापुरातून गगनबावड्याचा घाट उतरून मालवणकडे किंवा आंबा घाटाने रत्नागिरीकडे जाऊन किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी यंत्र घेण्याआधी जागा कोणाची आहे हे पाहावे. कुंपण कुठेही असले, तरी येथे हद्द भरतीच्या पाण्याने ठरते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार भरतीरेषेखालील समुद्रतळ शासनाचा आहे. त्यामुळे रिसॉर्टवाल्याने 'हा आमचा खासगी बीच' असे सांगितले, तरी त्याची परवानगी त्या रेषेपाशी संपते.

खासगी वाडीत विचारायला एकच मालक असतो आणि त्याची लेखी संमती खिशात ठेवता येते. सार्वजनिक किनाऱ्यावर ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे या दोन्ही ठिकाणी आधी लेखी कळवलेले बरे, असे माझे मत आहे. अंगठ्या, पैंजण, मंगळसूत्राच्या वाट्या हरवतात त्या मात्र बहुधा लोक पाण्यात उतरतात तिथे, म्हणजे शासकीय ओल्या वाळूत. आणि खारे पाणी वीजवाहक असल्याने साधे यंत्र तिथे धातू नसतानाही सतत किरकिरते.

सापडलेल्या वस्तूचा कायदा दोन्हीकडे एकच आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. न कळवल्यास सापडणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ऐवज बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाने हक्क सांगितला, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश व मालकाला एक चतुर्थांश मिळतो. कालपरवा हरवलेली अंगठी मात्र तिच्या धन्याचीच असते. ती लबाडीने ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खालील गुन्हा आहे.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्याविना उत्खनन करता येत नाही, आणि ही बंदी मनापासून पाळावी. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीत सापडलेली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची रोमन कांस्यमूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये पाहताना ती कोल्हापूरची म्हणून ओळखता येते, कारण ती कुठे मिळाली याची नोंद आहे. कुदळीने उपसून पिशवीत टाकलेल्या वस्तूचा तो पुरावा कायमचा जातो.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने ओळखीच्या माणसाची वाडी निवडावी आणि संमतीपत्रात गट क्रमांक, तारीख, किती खोल खणणार आणि खड्डा बुजवण्याची हमी लिहावी. सार्वजनिक वाळूत उतरायचेच असेल, तर हिवाळ्यात कासवांची घरटी राखण्यासाठी कुंपण घातलेला पट्टा पूर्ण टाळून, ओहोटीच्या वेळी पाण्यालगतच फिरावे.